बाजारओळीतली जुनी बँक पाडून गाळे काढायचे? माझा विरोध

काळीमाती :
आमच्या तालुक्याच्या गावी सहकारी बँकेची जुनी दगडी इमारत पाडून तिथं खाली गाळे, वर बँक असं संकुल बांधायचा विषय येत्या आमसभेपुढं आहे. सभासद म्हणून मी विरोधात मत देणार. १९०४ च्या कायद्यानं सहकारी पतसंस्था आल्या आणि सावकाराच्या ओट्यावर बसणाऱ्या कास्तकाराला बसायला दुसरी जागा मिळाली. सरकारच सगळा कापूस घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यासाठी, म्हणजे कापसाच्या पैशांसाठी, रांगा लागायच्या त्या इथंच. सागवानी काउंटरची कड माणसांच्या कोपरांनी झिजून गुळगुळीत झाली आहे, हात फिरवून बघा. हे पाडून शटर लावायचे?

बांधावरून :
भाऊ, ज्या काउंटरचं कौतुक करून रायले, तिथंच आमच्या बुढ्याचा चुकारा कर्जापोटी कापल्या जाये. अन् सावकार कुठं सुटला? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला होता. निराधारचे पैसे काढाले आलेली म्हातारी त्या उंच पायऱ्या बसत बसत चढते. पावसाळ्यात रजिस्टरं ताडपत्रीखाली. पाडा एकदाची.

चुनाविटा :
दादा, पायऱ्यांचं खरं आहे. पण ओलीचा दोष इमारतीचा नाही. चुन्यातल्या भिंतीवर मागं कधीतरी सिमेंटचा गिलावा मारला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. म्हणून खिडकीखाली हातभर पोपडे सुटलेत. गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करा, कौलं उतरवून फेरा, सडके वासे बदला. बाजूच्या दारानं उतार काढता येतो. आधी संरचना तपासणी मात्र हवीच, त्याशिवाय मीही छातीठोक सांगणार नाही.

ठेवीदार :
खर्च कोण करणार? बँक ठेवीदारांच्या पैशावर चालते, आठवणींवर नाही. ठेवींचा विमा माणशी ५ लाखांपर्यंतच आहे. गाळ्यांचं भाडं आलं तर बँकेला आधार होईल.

काळीमाती :
संकुलही कर्ज काढूनच बांधणार ना? आणि बसस्टँडजवळचे नवे गाळे रिकामे पडलेत, ते भाडेकरू आणणार कुठून? दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागवल्याशिवाय विषय मताला टाकू नये, असं लेखी देतोय.

बांधावरून :
आणा अंदाजपत्रक, वाचू. पन म्हातारीसाठी उतार दिवाळीच्या आंधी झाला पाह्यजे. नाही झाला तं माहा हात पाडाच्या बाजूनंच वर जाईन.