मदत हवी आहे: एमडी ड्रगची केस, भाच्याची व्यसनमुक्ती आणि खर्च. कोर्टामार्फत काही सोय असते का? (मुंबई)

रानजाई

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच घेऊन आलेय. कुणी ओळखलंत तर कृपया इथे ओळख दाखवू नका.

माझ्या बहिणीचा मुलगा, वय २३, राहायला लालबागला. भावजी बेस्टमध्ये कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. अक्का पोळीभाजीचे डबे करते. पोरगा बाईकवरून पार्सलं पोचवायचा. दीड महिन्यापूर्वी रात्री वडाळ्याला नाकाबंदीत धरला. खिशात एमडी, पंचनाम्यात १.२ ग्रॅम. एफआयआरमध्ये एनडीपीएसची (अमली पदार्थविरोधी कायद्याची) कलमं ८(क), २२(अ) आणि २७. जामीन झालाय, पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे.

घरात कुणाला कळलंच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दोन-दोन रात्री झोप नाही, जबडा सारखा हलतोय, डबा तसाच परत येतोय. अक्का म्हणायची, उन्हातान्हात फिरतो, पित्त झालं असेल. मला तर त्याच्या रेल्वे पासच्या प्लास्टिकच्या पाकिटात दहाची नोट सापडली होती. नळीसारखी वळलेली, सरळ केली तरी आपोआप परत गुंडाळली जायची. मी ती होती तशी ठेवून दिली. का, ते अजून मला सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. शेजाऱ्यांच्या ओळखीने एका खाजगी सेंटरला फोन केला. महिन्याला ३५,०००, कमीत कमी चार महिने, एक महिन्याचे आगाऊ. वर म्हणे, "पेशंटला काही सांगू नका, आमची माणसं गाडी घेऊन येतील आणि उचलतील." अक्काने पाटल्या गहाण टाकायला काढल्या होत्या, मी कशीबशी थांबवली. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करू, दंड भरू, विषय संपवू. आणि न्यू जर्सीचा माझा चुलतदीर म्हणतो की तिकडे कोर्टच उपचारांना पाठवतं आणि पैसेही सरकार भरतं. आपल्याकडे असं काही आहे का? की पाटल्या हाच मार्ग?

काळाकोट

रानजाई ताई, आधी ते कबुलीचं थांबवा. दंड भरून सुटला तरी दोषी ठरल्याची नोंद राहते. पुढे परत सापडला तर दुसऱ्या वेळच्या शिक्षेचं कलम वेगळं आहे, आणि ते जड आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्याची 'अल्प मात्रा' २ ग्रॅम, तुमची १.२. म्हणजे कायद्यातल्या दोन खिडक्या तुमच्यासाठी उघड्या आहेत. पहिली कलम ६४-अ. कलम २७ (म्हणजे नशा करणं) किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. दुसरी कलम ३९. तिथे आधी दोषी ठरावं लागतं, मग कोर्ट लगेच कैद न देता, त्याच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारांना सोडू शकतं. जास्तीत जास्त वर्षभरात उपचारांचा अहवाल कोर्टात द्यायचा, मग कोर्ट समज देऊन पुन्हा बंधपत्रावर सोडू शकतं. तुमच्या पोराला पहिली खिडकी हवी. वकिलांनी दुसरीच्याही अलीकडे दुकान बंद केलंय.

आता पैसे. दोन्ही कलमांत कोर्टाने खर्च उचलावा असं कुठेही नाही. पण 'मान्यता' हा शब्द दोन्हीकडे आहे. त्या खाजगी सेंटरला मान्यता नसेल, तर चार महिन्यांचे १ लाख ४० हजार भरूनही कोर्टात त्या कागदाला काही किंमत नाही. उलट केईएम, नायर, सायन ही महापालिकेची, म्हणजे स्थानिक प्राधिकरणाची. ६४-अ ला शब्दशः बसतात. स्वस्त दार आणि कायद्याचं दार इथे एकच आहे.

वकील बदलायचा असेल तर फोर्टला सिटी सिव्हिल कोर्टात मुंबई शहर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील फुकट. हेल्पलाइन १५१००. वकील मिळतो, औषधपाणी नाही, ही अपेक्षा स्पष्ट ठेवा.

चहाबिस्कीट

राग मानू नका, पण धडधाकट पोराच्या नशेचा खर्च आमच्या टॅक्समधून का? दोन दिवस आत राहू द्यायचा होता, आपोआप उतरली असती.

केसपेपर

चहाबिस्कीट, आत राहून उतरत नाही. आत नवीन ओळखी होतात आणि बाहेर आल्यावर आमच्या ओपीडीत येतात. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात होतो, एकोणीस वर्षं. टॅक्स कशावर जास्त जातो ते आम्हाला विचारा.

ताई, ऐका. सकाळी लवकर जा, नाममात्र पैशांत केसपेपर निघतो, मानसोपचार ओपीडी. पोरालाच बोलू द्या. डॉक्टरांना वापर खरा सांगायचा: किती, किती दिवसांपासून, शेवटचा कधी. कोर्टासाठी लाज वाटून कमी सांगतात लोक आणि तिथेच फसतात, कारण कायद्यात 'व्यसनी' म्हणजे ज्याला पदार्थावाचून राहवत नाही असा माणूस. "कधीतरी पार्टीत घेतो" असं कागदावर आलं तर काळाकोटसाहेबांची खिडकी बंद.

चार महिने कोंडून ठेवायचंय हे कुणी ठरवलं? गर्द-ब्राउन शुगरवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिन देता येतं. एमडीला तसं पर्यायी औषध नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस नुसता झोपतो, खा-खा खातो, मग मन खचतं. हा खचलेला काळ धोक्याचा, तेव्हा घरच्यांनी डोळ्यात तेल घालून राहायचं. बाकी सगळं समुपदेशनावर चालतं. काहींचं ओपीडीवर भागतं, काहींना भरती लागते, ते डॉक्टर ठरवतील. आणि गाडी पाठवून उचलून नेणं कायद्यात बसत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमतीशिवाय भरतीची वेगळी रीत आहे, तज्ज्ञांनी तपासावं लागतं, मुदत ३० दिवसांची. त्या सेंटरला एवढंच विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवता का? बहुतेक फोन तिथेच कट होतो.

भरती लागलीच तर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था व्यसनमुक्ती केंद्रं चालवतात. जवळचं कुठलं ते १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. पालिका रुग्णालयात औषधं बाहेरून आणायला सांगितली तर समाजसेवा विभागात जा, गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स फंड असतो. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. अक्कांचा उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, सगळीकडे तोच मागतात.

मुचकुंद

मेडिक्लेम असेल तर त्यावर विसंबू नका. पॉलिसीत बारीक अक्षरांत 'एक्स्क्लुजन १२' असतं, दारू-ड्रग्जचे उपचार त्यातून वगळलेले असतात. २०१७ च्या कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्यात, विमाही द्यायला सांगितलाय, तरी क्लेम टाकला की हेच कलम पुढे येतं. भांडता येतं, पण तीन आठवड्यांत नाही.

हडसनकाठ

रानजाई, तुमच्या दिरांचं बरोबर आहे, फक्त तिथली रीत वेगळी. अमेरिकेत पहिलं ड्रग कोर्ट, म्हणजे कैदेऐवजी उपचारांना पाठवणारं कोर्ट, १९८९ मध्ये मायामीत सुरू झालं. आमच्या न्यू जर्सीत २०२२ पासून नाव बदलून 'रिकव्हरी कोर्ट' केलंय. न्यायाधीश, सरकारी वकील, प्रोबेशन अधिकारी आणि समुपदेशक एका टीमसारखे बसतात. सुरुवातीला वरचेवर न्यायाधीशांसमोर उभं राहायचं, लघवीच्या तपासण्या द्यायच्या, चुकलं की काही दिवस आत.

पैसा मात्र कोर्टाचा नसतो. गरिबांचा उपचार मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यातून आणि राज्याच्या निधीतून, कोर्ट चालवायला केंद्राच्या न्याय खात्याचं अनुदान. शिवाय आता नवा झरा फुटलाय. वेदनाशामक गोळ्यांचा पूर आणल्याबद्दल तीन मोठे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यातले पैसे राज्यांना आणि काउंट्यांना मिळताहेत. तुमच्याकडे कायदा आहे, पण आठवड्याला हाक मारणारं कुणी नाही. ते काम मावशीलाच करावं लागेल.

रानजाई

सगळ्यांचे आभार. चहाबिस्कीट, राग नाही, अक्कासुद्धा मध्यरात्री असंच बोलते.

परवा गेलो होतो. त्याला आधी सगळं सांगितलं, गाडीबिडी नाही. सकाळी साडेसातला रांगेत उभे, नंबर आला सव्वाअकराला. मध्ये तो दोनदा "सिगरेट मारून येतो" म्हणून खाली गेला, मी जिन्याकडे डोळे लावून बसले. दोन्ही वेळा आला. डॉक्टरीण बाईंनी मला बाहेर बसवलं. पाऊण तासाने बाहेर आला, म्हणाला, "सांगितलं सगळं. नोटेचंपण." मला वाटत होतं त्याला माहीतच नाही की मी ती पाहिली होती.

सध्या भरती नको म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा यायचं, लघवीची तपासणी, गोळ्या झोपेपुरत्या. पहिल्या दिवसाचा खर्च टॅक्सीसकट ३८० रुपये. पाटल्या कपाटात.

काळाकोट, एक शंका. केसपेपरवर 'सोबत कोण' या रकान्यात माझं नाव लिहिलंय, नातं मावशी. त्यामुळे 'स्वतःहून' आला हे कोर्ट मानणार नाही का?

काळाकोट

मानेल. सोबत कोणी आलं म्हणजे जबरदस्ती होत नाही. पण संमतीच्या फॉर्मवर सही त्याचीच आहे ना ते बघा. प्रत्येक तारखेचा शिक्का मारून घ्या, तीन झेरॉक्स काढा आणि मूळ केसपेपर वकिलालाही देऊ नका. तारखेच्या आठवडाभर आधी मला व्यनि (खाजगी निरोप) करा, अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.