जुनी मारुती 800 फक्त घाटात तापते. हेड उतरवण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

गाडी 1996 ची, कार्ब्युरेटरवाली, बिगर-एसी. मी साताऱ्यात राहतो, आई-बाबा पाचगणीला. त्यामुळे वाईच्या पुढचा पसरणी घाट काही चुकत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच तापते.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या गर्दीत कितीही रखडलं तरी तापमानाचा काटा निम्म्याच्या आसपास येतो, पंखा सुरू होतो, काटा खाली उतरतो. सपाट रस्त्यावर साठच्या वेगानेही काही तक्रार नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर चढायला लागलं की थोड्याच अंतरात काटा वर सरकतो आणि अर्ध्या घाटात लाल पट्टीजवळ पोहोचतो. काचा उघडून हीटर पूर्ण सोडला तर थोडा खाली येतो. वर पोहोचून थांबलं की गुडगुड आवाज, आणि रेडिएटरला जोडलेली कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली तोंडापर्यंत भरलेली. पुढची गोष्ट मला जास्त खटकते: गाडी रात्रभर थंड झाल्यावरही बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत ओढलं जात नाही. सकाळी झाकण उघडावं तर रेडिएटरची पातळी खाली आणि बाटली भरलेली.

पट्ट्याचा ताण ठीक आहे, वॉटर पंपाखाली गळती नाही, रेडिएटरच्या जाळीत चिखल-कचरा नाही. एका गॅरेजचं म्हणणं, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचा भाग म्हणजे हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवून फेसिंग मारू (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करू). दुसरीकडे सांगितलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाका, प्रश्नच मिटेल. थर्मोस्टॅट कायमचा काढणं मला पटत नाही. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि मूळ दुखणं झाकलं जातं. तो अडकतोय अशी शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर बुडवून, तो त्याच्यावर लिहिलेल्या तापमानाला उघडतो का ते घरीच बघता येतं. मी बघितलं, वेळेवर उघडतो आणि पूर्ण उघडतो.

आता माझा विचार कुठे चुकतोय का ते सांगा. पंखा किंवा त्याचा स्विच बिघडला असता तर गाडी गर्दीत तापली असती. ती भार पडल्यावरच तापते, म्हणजे इंजिन जेवढी उष्णता तयार करतं तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही. त्याची मला दिसणारी कारणं अशी: रेडिएटरच्या नळ्यांत आतून क्षार बसले असतील. पंपाची पाती गंजून झिजली असतील. रेडिएटरचा खालचा होस (रबरी नळी) आतून मऊ पडून जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होत असेल. किंवा इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलं असेल. ठिणगी उशिरा पडली की उष्णता जास्त वाढते. मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) तरी तेच.

आणि रेडिएटरचं झाकण! याकडे कुणी बघतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. झाकणावर 0.9 (बार) लिहिलेलं असतं, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा तेवढ्या जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक होऊन दाब धरला गेला नाही तर हा सगळा फायदा गेला. त्यात वाई साधारण 700 मीटरवर आणि पाचगणी 1,300 मीटरवर. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशाने उतरतो, म्हणजे दाब नसेल तर पाचगणीत पाणी 96 अंशांनाच उकळणार. बाटलीतलं पाणी परत न येणं हेही झाकणातली छोटी उलटी झडप अडकल्याचं लक्षण असू शकतं. पण हेड गॅस्केटमधून वायू शिरत असेल तरी हेच दिसतं, आणि माझं अडलंय ते इथे.

भर: काही जणांनी विचारलं म्हणून लिहितो. थंड इंजिन, झाकण उघडं, गाडी सुरू करून बघितली. बुडबुडे येत नाहीत, ॲक्सिलरेटर दिल्यावरही नाही. झाकण लावून सुरू केली तरी वरचा होस लगेच टणक होत नाही. ऑइल स्वच्छ आहे, फिलर कॅपखाली दुधाळ फेस नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. ओळखीच्या एकाकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. गरम इंजिनवर रेडिएटरचा बराचसा भाग सारखाच तापलेला, पण एका बाजूचा खालचा कोपरा स्पष्टपणे थंड. बाबांच्या काळात गाडीत बोअरचं पाणी पडायचं. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीवरही पांढरे थर चढतात.

त्यामुळे माझा कल आधी नवीन झाकण, नवीन खालचा होस आणि रेडिएटरच्या कामाकडे आहे. जुन्या ॲल्युमिनियमच्या हेडचे बोल्ट नाइलाज असल्याशिवाय सोडवू नयेत असं मला मनापासून वाटतं. माझे प्रश्न:

बुडबुडे दिसले नाहीत तरी फक्त घाटातल्या भाराखाली गॅस्केटमधून वायू कूलंटमध्ये शिरू शकतो का? शंका फेडायला कूलंटमधला एक्झॉस्ट वायू ओळखणारं, निळ्याचं पिवळं होणारं द्रावण वापरणारं गॅरेज सातारा-कराड भागात आहे का? की प्रेशर टेस्ट (रेडिएटरला दाब देऊन गळती बघणं) आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) पुरे?

तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरच्या टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई फिरवून क्षार काढणं) करणारा चांगला कारागीर पुण्यापर्यंत कुठेही असेल तर सांगा. सायट्रिक ॲसिडने धुवायचा सल्लाही मिळालाय, पण क्षार निघाले की झिजलेल्या नळ्या गळायला लागतील अशी भीती वाटते. कुणी इतक्या जुन्या रेडिएटरवर हे केलंय का? प्रमाण किती घेतलं, किती वेळ ठेवलं, आणि नंतर गळती लागली का, तेवढं कळवा.