किलीम : गालिचा, सतरंजी की आणखी काही?

प्रश्न : तुर्कस्तानात हाताने विणलेल्या एका अंथरणीविषयीचा मजकूर मराठीत आणताना मी सुरुवातीला सर्वत्र ‘गालिचा’ असे लिहिले; परंतु पुढे ‘हाली’ आणि ‘किलिम’ हे दोन शब्द एकाच वाक्यात दोन वेगळ्या वस्तूंसाठी आले आणि मी अडखळलो. किलिमाला मराठीत काय म्हणावे? शब्द तसाच ठेवला तर तो कसा लिहावा, त्याचे लिंग कोणते मानावे, आणि त्यावरील नक्षीच्या नावांचे भाषांतर करावे काय?

उत्तर : आपण अडखळलात ते योग्यच झाले, कारण ‘गालिचा’ ही नेमकी ‘हाली’ आहे. तुर्की ‘हाली’ आणि फारसी ‘काली’ ही एकाच शब्दाची रूपे असून, फारसीत लहानपणा दाखवणारा ‘चे’ हा प्रत्यय लागून ‘कालीचे’ आणि त्यावरून आपला ‘गालिचा’ झाला. बागेचा ‘बगीचा’ झाला तो याच प्रत्ययामुळे. गालिच्यात ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांवर लोकरीच्या गाठी मारून त्यांची टोके कापतात, म्हणून त्याला लव असते. किलिमाला लव नसते. त्यात रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, ताण्यातून खालीवर नेत फणीने इतका घट्ट ठोकतात की ताणा पूर्णपणे झाकला जातो, आणि जी नक्षी दिसते ती केवळ बाण्याची असते.

माझ्याकडे तुर्कस्तानातील कोन्याच्या बाजूचा हातभर लांबीचा एक किलिमाचा तुकडा आहे. तो उजेडासमोर धरला की जिथे तांबडा आणि निळा रंग उभ्या रेषेत भेटतात तिथे बारीक चिरा दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत येऊन मागे वळतो आणि दोन रंग एकमेकांत अडकत नाहीत. तुर्कीत अशा विणीला ‘इलिकली’ म्हणतात, आणि ‘इलिक’ म्हणजे गुंडीचे काज. चीर फार लांबली तर कापड कमकुवत होते, म्हणून विणणारी बाई रंगाची कड एकेका पायरीने तिरपी सरकवत नेते. किलिमावरील सगळे आकार पायऱ्यापायऱ्यांचे आणि कोनदार असण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

विणीच्या दृष्टीने आपली सतरंजी याला सर्वांत जवळची आहे, कारण तिलाही लव नसते. मात्र आपली सतरंजी सुती आणि बहुधा पट्ट्यापट्ट्यांची असते, तर किलीम मुख्यतः लोकरीचे असते. (सतरंजीचा सात रंगांशी संबंध जोडणारे पुष्कळ भेटतात, वास्तविक तो शब्द शतरंजवरून, म्हणजे अखेरीस आपल्याच चतुरंगावरून आलेला आहे, आणि त्यामागे पटावरच्या चौकटी आहेत.) ‘जाजम’ मात्र येथे वापरू नये. फारसीत ‘जाजीम’ आणि तुर्कीत ‘जिजिम’ ही वेगळ्या विणींची नावे आहेत. जिजिमात मूळ कापडावर जादा बाणा घालून नक्षी उठवतात. आपल्या मजकुरात पुढे हाही शब्द आला, तर ‘जाजम’ आधीच खर्ची पडलेले असेल.

म्हणून माझ्या मते ‘किलीम’ हाच शब्द ठेवावा. प्रचलित शुद्धलेखनाप्रमाणे अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ होतो आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. तेव्हा ‘वकील, वकिलाला’ याप्रमाणे ‘किलीम, किलिमाला’ असे लिहावे. तुर्कीत व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे निवड आपली. अंथरूण, घोंगडे, पांघरूण यांच्या पंगतीत ते नपुंसकलिंगी शोभते : ते किलीम, ती किलिमे.

शंका : ‘किलीम’चे फारसी रूप ‘गिलीम’ म्हणजे लोकरीचे जाडेभरडे वस्त्र असाही अर्थ कोशात आढळतो. मग ‘घोंगडी’ का नको? यॉरुक हे तेथील भटके मेंढपाळ, आणि किलिमे विणण्यात त्यांच्या बायकांचा मोठा वाटा.

उत्तर : कुळ जुळते हे मान्य. फारसीत ‘आपल्या गिलिमाच्या मापाने पाय पसर’ अशी म्हण आहे, तुर्कीत तिथे रजई येते आणि आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. परंतु घोंगडी म्हटल्यावर मराठी वाचकाला पावसात डोक्यावरून घेतलेली काळी खोळ दिसते, आणि नक्षी बाजूलाच राहते.

नक्षीच्या नावांविषयी म्हणाल तर सरसकट एकच धोरण चालणार नाही. त्रिकोणी ‘मुस्का’ला ‘ताईत’ हा शब्द चपखल बसतो, कारण तीही कोणाची वाईट नजर बाधू नये म्हणूनच असते. ‘नजर’ हा शब्द तर तुर्कीतही याच अर्थाने आहे. मेंढ्याचे शिंग, म्हणजे पौरुषाची आणि बळाची खूण, ‘एडक्याचे शिंग’ असे लिहावे. घोड्याच्या पायांतील बेडीचा आकार जोडप्याच्या एकत्र राहण्याची खूण मानला जातो. त्याला ‘पायबंद’ हा मूळचा घोड्याचाच शब्द आहे, पण आज त्याला केवळ अडवणुकीचा वास येतो, म्हणून अर्थ सोबत द्यावा लागेल.

खरी अडचण ‘एलिबेलिंदे’ची आहे. ‘एल’ म्हणजे हात, ‘बेल’ म्हणजे कंबर. अक्षरशः ‘हात कमरेवर’. ही आकृती स्त्रीची असून मातृत्वाची आणि सुफलतेची मानली जाते. आपल्याकडे कमरेवर हात म्हटले की एक तर पंढरपूरचा विठोबा डोळ्यांसमोर येतो, नाही तर भांडायला उभी राहिलेली शेजारीण. दोन्हीही तिथे नाहीत, म्हणून हे नाव मूळ रूपात ठेवून अर्थ खाली द्यावा.

अर्थ देताना ‘मानले जाते’ हे क्रियापद मात्र गाळू नये. तुर्कस्तानातील चातालह्यूक या प्राचीन वस्तीच्या ठिकाणी १९६१ पासून उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी १९८९ मध्ये या आकृत्यांचे मूळ तेथील नवाश्मयुगीन भित्तिचित्रांत असल्याचे मांडले. पण त्या चित्रांची छायाचित्रे नव्हती, त्यांनी स्वतः काढलेली रेखाटनेच होती, आणि अभ्यासकांनी तो दावा स्वीकारला नाही. ‘नऊ हजार वर्षांची मातृदेवी’ असे वाक्य मूळ मजकुरात असल्यास ते विक्रेत्याचे समजावे.

प्रश्नकर्ता : वाक्य आहे, आणि अगदी तसेच आहे. ते वगळतो. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘किलीम, म्हणजे लव नसलेली लोकरी अंथरणी’ एवढे लिहून पुढे नुसते ‘किलीम’ ठेवतो.