सल्ला हवा : संगणकाच्या आवाजातील जपानी गाणी ऐकायला सुरुवात कोठून करावी?

मोगरा_पुणे :
नमस्कार. जपानी भाषेच्या एन४ या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेची तयारी करताना वर्गातील एका मुलीने मला फोनवर एक गाणे ऐकवले. गायिका कोण, असे विचारल्यावर ती म्हणाली, की गायिका कोणी नाहीच, हा हात्सुने मिकू नावाचा कृत्रिम आवाज आहे. गाणे पुन्हा लावले, तेव्हा लक्षात आले की संपूर्ण गाण्यात श्वास घेतल्याची चाहूल एकदाही लागत नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. माझे वय ५२ असून कान ख्यालगायकीवर पोसलेला आहे. बसमध्ये रोज ४० मिनिटे मिळतात. गाणी संथ असावीत, शब्द कळावेत आणि खर्च शून्य असावा, एवढ्याच अटी आहेत.

ओसाकाकर :
मोगराताई, ध्वनिमुद्रण ऐकून या प्रकाराची कल्पना येत नाही. २०१३ पासून दरवर्षी होणाऱ्या 'मॅजिकल मिराई' या मैफलीचे तिकीट काढून प्रत्यक्षच यावे. पारदर्शक पडद्यावर मिकूचे चित्र नाचते, पण ढोल आणि गिटार वाजवणारी माणसे हाडामांसाची असतात. माझी जागा शेवटून तिसऱ्या रांगेत होती, तरीही प्रेक्षकांच्या हातातील हजारो हिरव्या-निळ्या दिव्याच्या कांड्या एका ठेक्यात हलताना पाहून डोळे भरून आले. कांडी मात्र तेथे विकत घेऊ नये, कारण मी घेतलेली दुसऱ्याच गाण्याला विझली.

पेटीवाला :
ज्या गळ्याला दम लागत नाही, त्याचे गाणे ते काय ऐकायचे? मुळात माणसाचा आवाजच नसलेल्या या यंत्राला गायिका म्हणणे मला पटत नाही.

निळी_छत्री :
पेटीवालेकाका, आवाज माणसाचाच आहे. साकी फुजिता या आवाज-अभिनेत्रीकडून स्वर-व्यंजनांचे तुकडे वेगवेगळ्या पट्टीत म्हणवून घेतले, यामाहाच्या व्होकॅलॉइड या प्रणालीने ते जोडले आणि साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी मिकू बाजारात आणली. गाणे रचणारा पडद्यावर प्रत्येक सुरासाठी एक आडवी रेघ आखतो आणि तिच्यावर एक अक्षर लिहितो. जपानीची काना लिपी आपल्या बाराखडीसारखीच अक्षरागणिक चालत असल्यामुळे हे काम तेथे सोपे जाते. सुराचे वळणही रेषा ओढून देता येते, म्हणजे पेटीवर न निघणारी मींड येथे निघते.

मोगराताईंनी सरळ ही प्रणाली विकत घ्यावी, असे माझे मत आहे. मी हौसेने घेतली आणि मराठी गाणे म्हणवायला बसले. 'कमळ' लिहायला गेले तर जपानीत 'ळ' नाही, त्यामुळे ती 'कामारु' म्हणाली. तीन रविवार खर्ची पडले, पण 'ळ' काही निघाला नाही.

पेटीवाला :
मींड हाताने ओढली म्हणजे मींड होत नाही. ती आधी मनात असावी लागते.

निळी_छत्री :
ती रचणाऱ्याच्या मनात असतेच की.

मोगरा_पुणे :
खर्च शून्य, असे मी वर लिहिले होते.

जुना_श्रोता :
मिकूपासूनच सर्व सुरू झाले, असा समज येथे दिसतो, तो चुकीचा आहे. या प्रणालीचे पहिले आवाज म्हणजे २००४ मधील लिऑन आणि लोला, आणि ते इंग्रजी गाणारे होते. त्याच वर्षी जपानीत मेइको आली, २००६ मध्ये काइतो आला, आणि मिकू त्यांच्यानंतरची. संथ गाणी हवी असतील तर काइतोचा पुरुषी आवाज ऐकावा. 'सेनबोनझाकुरा' हे २०११ चे गाणेही अवश्य ऐकावे. साचिको कोबायाशी या एन्का, म्हणजे जुन्या धाटणीची जपानी गाणी गाणाऱ्या ज्येष्ठ गायिकेने ते २०१५ च्या अखेरीस एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात गायले होते. आमच्या पिढीला आधी माणसाने गायलेले ऐकून मग मूळ गाण्याकडे जाणे सोपे पडते.

उगवतीचे_ऊन :
'सेनबोनझाकुरा'ला अनुमोदन. 'मेल्ट' हे २००७ चे गाणेही सुचवते. प्रेमात पडलेल्या मुलीचे साधे शब्द आहेत, एन४ला झेपतील. मिकूची बाहुली मात्र मागवू नये. मी मागवलेल्या बाहुलीच्या हातातील कांद्याची पात वाटेतच मोडली होती आणि विक्रेत्याने पत्रांना उत्तर दिले नाही. (मिकूच्या हातात पात कशी, असे कोणी विचारील म्हणून सांगते : २००७ मध्ये फिनलंडच्या एका पोल्कावर तिला पात फिरवताना दाखवणारी चित्रफीत गाजली, तेव्हापासून ती पात तिला चिकटली.)

निळी_छत्री :
कांद्याची पात नव्हे, तो 'नेगी' हा जपानी लांब कांदा आहे. चव निराळी असते.

ओसाकाकर :
नेगीला मराठीत पातच म्हणावे लागेल. मी रोज खातो.

शिकवणीवाला :
मी जपानी शिकवतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. गाण्यावरून उच्चार शिकू नयेत, कारण बोलण्यातील चढउतार चालीत नाहीसे होतात. 'हाशी' म्हणजे पूल की जेवणाच्या काड्या, हे बोलताना चढउतारावरून कळते, गाण्यात कळत नाही. दुसरे असे, की या गाण्यांना जपानी लोक 'बोकारो' म्हणतात, परंतु शोधताना ते काताकाना या जपानी लिपीतच लिहावे, अन्यथा पोलाद कारखाना समोर येतो. रचनाकार बहुधा स्वतःच गाणी विनामूल्य चढवतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या नावाशेवटी 'पी' असते, ते निर्मात्याचे 'पी'. चित्रफितीत शब्द लिहिलेले असतील, अशीच गाणी निवडावीत. फक्त 'हात्सुने मिकू नो शोशित्सु' हे मिनिटाला २४० ठोक्यांचे गाणे टाळावे. त्यातील शब्द जपानी माणसालाही वाचूनच कळतात.

जुना_श्रोता :
काइतो ऐकावा, असे मी पुन्हा सुचवतो.

मोगरा_पुणे :
सर्वांचे आभार. काइतो ऐकला, चांगला आहे, पण 'शोशित्सु' टाळा म्हटल्यामुळे तेच आधी लावले आणि गेले आठ दिवस बसमध्ये दुसरे काही ऐकलेले नाही. द्रुत तान चालू असताना आपण कोणाला शब्द विचारत नाही, तसेच झाले. लागोपाठ अक्षरे कोसळत राहतात, श्वासाला जागाच नसते, आणि पहिल्या दिवशी उणीव वाटलेली गोष्ट येथे मला हवीहवीशी वाटू लागली. मिकूचे नाहीसे होणे हाच त्याचा विषय आहे, हे नंतर वाचले. आठवडाभरात कानाला स्पष्ट कळलेला शब्द एकच, 'सायोनारा'. एन४चा निकाल काय लागेल, हे त्यावरून ताडावे.

पेटीवाला :
दुवा द्यावा. एकदा ऐकून पाहतो.