मॉक ड्रिलमध्ये मुलं लवकर बाहेर येतात, पण हजेरी जुळत नाही

प्रश्न:
तीन मजले, दोन जिने, सहाशेच्या आसपास मुलं. आगीच्या मॉक ड्रिलला (बाहेर पडण्याच्या सरावाला) शाळा चार मिनिटांत मैदानावर येते, पण हजेरीला वीस मिनिटं लागतात आणि तरी दोन-तीन मुलं कमीच भरतात. मग कुणीतरी शिक्षक शोधायला आत जातात. काय बदलावं?

सुरक्षा प्रशिक्षक:
आधी ते आत जाणं बंद करा. खरी आग असेल तर धुरात तेही अडकतील. मूल शेवटचं कुठे दिसलं ते अग्निशमन दलाला सांगायचं.

गोंधळाचं मूळ वर्गात आहे. हजेरीपट कार्यालयात जमा होतो, मग मैदानावर नावं आठवून पुकारावी लागतात. वर्गाच्या दाराशेजारी खिळ्याला एक फोल्डर अडकवा: मुलांची यादी, दोरीला बांधलेलं पेन, एक लाल आणि एक हिरवं कार्ड. सकाळी गैरहजर मुलांचे क्रमांक त्यावर लिहायचे, मधेच घरी गेलेल्याचाही. मैदानावर मुलांनी ओळीने "एक, दोन, तीन" म्हणायचं. आकडा जुळला तर हिरवं कार्ड वर, नाहीतर लाल. मुख्याध्यापकांनी फक्त लाल कार्डांकडे जायचं.

मजल्यावरून सर्वांत शेवटी निघणाऱ्याने स्वच्छतागृह आणि प्रयोगशाळा बघून दारं ओढून घ्यावीत, कुलूप लावू नये. बंद दार धूर बराच वेळ अडवतं.

शिक्षिका:
ती दोन-तीन मुलं बहुधा स्वच्छतागृहात असतात किंवा दुसऱ्याच रांगेतून उतरतात. घंटा झाली तेव्हा वर्गाबाहेर असलेल्या मुलाने परत वर्गात जायचं नाही. जवळच्या शिक्षकांबरोबर उतरायचं आणि मैदानावर आपल्या वर्गाच्या रांगेत जायचं. हे पाठ होईपर्यंत सांगा. मग एक ड्रिल न कळवता मधल्या सुट्टीत घ्या, आणि एका जिन्याच्या वळणावर "धूर" लिहिलेला फलक धरून कुणाला तरी उभं करा. दुसऱ्या जिन्यावर गर्दी कुठे तुंबते ते लगेच दिसेल.

व्हीलचेअरवरच्या मुलासाठी दोन मोठी माणसं नावानिशी ठरवा, आणि प्रत्येकाला एक बदली. नेमका त्या दिवशी कुणीतरी रजेवर असतं.

प्रश्नकर्ता:
भूकंपालाही हीच घंटा चालेल?

सुरक्षा प्रशिक्षक:
नाही, आणि ही चूक फार घातक आहे. घंटा ऐकून मुलं हादऱ्यातच जिन्याकडे पळतील. भूकंपासाठी शिक्षकांनी तोंडी सांगायचं: "बाकाखाली!" डोकं आणि मान झाकायची, एका हाताने बाकाचा पाय घट्ट धरायचा, कारण बाक सरकतो. हादरे थांबल्यावर दप्तरं तिथेच ठेवून बाहेर. आगीची घंटाही तासाच्या घंटेपेक्षा वेगळी हवी. ती विजेवर चालत असेल तर हाताने वाजवायची एक घंटा प्रत्येक मजल्यावर ठेवा.