जीएसटी ओळीओळीने पूर्ण रुपयात आणू नये

बिलातील प्रत्येक ओळीचा कर तिथल्या तिथे पूर्ण रुपयात आणावा, या सूचनेशी मी सहमत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार देय रक्कम जवळच्या रुपयात आणायची असते, पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास वरचा रुपया धरून. पण म्हणून बिलाच्या ओळीओळीतले पैसे पुसावेत असा त्याचा अर्थ मी करत नाही.

बेळगावच्या खडेबाजारातील एका हार्डवेअर दुकानाचे हिशेब मी पाहतो. करपूर्व प्रत्येकी ४७.५० रुपयांच्या तीन वस्तू, दर १८ टक्के, म्हणजे केंद्राचे ९ व राज्याचे ९. एका ओळीवर प्रत्येक कराचे ४.२७५ येतात, ते ४ धरले तर तिन्हींचे १२ होतात, एकूण १४२.५० वर काढले तर १२.८३. दोन्ही करांत मिळून दीड रुपयाहून अधिक तूट, आणि असे बिल दिवसाला कितीतरी वेळा फाटते!

म्हणून करात पैसे ठेवावेत आणि माल व दोन्ही कर मिळून होणाऱ्या १६८.१६ चे १६८ करताना उरलेले सोळा पैसे ‘राउंड ऑफ’ खात्यात स्वतंत्र दाखवावेत.