मदत हवी आहे: जिन्याच्या प्रसंगात भीतीच वाटत नाही

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. आम्ही चौघं मिळून १० मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. रामबागेत माझ्या मावसआजीचा जुना वाडा आहे, तिथेच शूटिंग झालं. एडिटिंग माझ्याकडे आहे आणि मधल्या प्रसंगावर मी पार अडकलेय.

रात्रीची वेळ. आजी (मावसआजीनेच काम केलंय) माडीवर एकटी वाती वळत बसलीय. खाली दाराची कडी लावायची राहिलीय. एक माणूस आत शिरतो, लाकडी जिना चढून येतो, आजी मान वर करते.

त्या माणसाला मी शेवटपर्यंत लपवलं. आजीचे हात, समई, रिकामा जिना, परत हात, आणि एकदम दारात तो. घरी दाखवलं तर भाऊ दचकला खरा, पण त्याआधीची अडीच मिनिटं तो मोबाइल बघत होता. आईने विचारलं, "वाती वळणं एवढं का दाखवलंयस गं?" मग मी ८ सेकंदांचे शॉट २ सेकंदांवर आणले, खाली तंबोऱ्यासारखा खर्ज लावला. आता घाई जाणवते, धास्ती नाहीच.

जिन्याची सातवी पायरी खरोखर करकरते. तिच्यासाठीच तो वाडा निवडला होता! पण मोबाइलवर करकर अगदी बारीक आलीय आणि मागे शेजारच्या कूलरची घरघर. शिवाय ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमवर, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते) ऑटोवर ठेवून घेतल्याने काही शॉटमध्ये उजेड लहरतोय.

वाडा दुरुस्तीला काढायचाय. एकच रात्र हातात आहे. काय घेऊ?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या मूळ शॉटची लांबी बिघडलेली नव्हती. प्रेक्षकाला काही माहीतच नाही, तर तो कशाची वाट बघणार? थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा: बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, तो तिथे आहे हे आधी कळलं तर १५ मिनिटांचा ताण. उघडी कडी सुरुवातीलाच दाखवा, चांगली ५ सेकंद. मग त्याच वाती बघवणार नाहीत. वाती वळण्याचे शॉट पुन्हा लांब करा. आणि एक शॉट नक्की घ्या: आजी फ्रेमच्या एका कडेला, मागे जिन्याचं दार धूसर आणि रिकामं. कॅमेरा हलवू नका. बघणाऱ्याची नजर आपोआप त्या दाराकडे जाते.

प्रतिसाद २

खर्ज काढून टाका. तो करकर गिळतोय, आणि घाबरायचं कधी तेही आधीच सांगून टाकतोय. पायरीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, मोबाइल पायरीपासून वीतभर अंतरावर ठेवून, शेजाऱ्यांना सांगून कूलर बंद करवून. माडीवरची नुसती शांतताही मिनिटभर रेकॉर्ड करा. ती सगळ्या शॉटखाली पसरली की जोड ऐकू येत नाहीत. करकर ऐकवताना जिना दाखवू नका, चित्र आजीच्या हातांवरच राहू द्या.

मात्र ती पायरी करकरते हे आम्हाला आधी कळायला हवं. दिवसाच्या एखाद्या प्रसंगात कोणाला तरी तिच्यावरून चढवा. मग रात्री आम्हीच पायऱ्या मोजू.

उजेडाचं म्हणाल तर आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! कडीचा एक जादा शॉट पडून होता, तो रात्रीच सुरुवातीला लावला, खर्ज काढला. बाकी काही बदललं नाही. आई वाती बघता बघता म्हणाली, "अगं, कडी लावायला पाठव ना कोणाला तरी."

शनिवारी रात्री पुन्हा जातोय. दिवसाचा प्रसंगही तेव्हाच दुपारी घेऊ. आता एकच अडलंय: सातवी करकरल्यावर आजीचे हात थांबावेत की वळतच राहावेत? मी थांबवणार होते. मावसआजी म्हणते, "या वयात मला जिना ऐकू येतो कुठे? मी वळतच राहणार." ते मला जास्त भीतीदायक वाटतंय. पण मग शेवटी ती मान वर कशामुळे करेल?